संत्र्यापासून वाळ्यापर्यंत: मसालेदार सिट्रस परफ्युम अंगावर कसा उलगडतो आणि तो नीट कसा तपासायचा

दुकानात कागदाच्या पट्टीवर एकदा स्प्रे मारायचा, नाकाशी धरायचा, "वा, काय मस्त संत्र्याचा वास आहे, द्या पॅक करून" म्हणायचं, आणि मग दुपारी ऑफिसात मनगट हुंगून बघितलं की संत्र्याचा पत्ताच नाही, त्याजागी काहीतरी लाकडी, मातकट, थोडं गोडसर. मग शंका येते की बाटली डुप्लिकेट होती की काय. सिट्रस (म्हणजे संत्रं-लिंबाच्या जातीचे वास) आणि मसाला असलेल्या परफ्युमच्या बाबतीत हे इतक्या लोकांचं होतं की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. संत्र्याचा वास उडून जातो तो जाणारच असतो, परफ्युमर लोकांना ते माहीत असतं आणि त्यांनी त्याच्या मागे काय उभं करायचं ते ठरवलेलं असतं. तुम्ही पैसे देता ते खरं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासाला अंगावर जे उरतं त्याचे, म्हणून निर्णय पण तेव्हाच घ्यायचा.

उदाहरण म्हणून मी हर्मेसचा तेर द हर्मेस घेतोय, ओ द त्वालेत (हलका प्रकार) वाला, 2006 साली आलेला. जाँ-क्लोद एलेना यांनी बनवलेला आहे, ते तेव्हा हर्मेसचे घरचे परफ्युमर होते. हा घ्यायचं कारण असं की संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी, सिडारचं लाकूड, वाळा आणि लोबान असा सगळा प्रवास यात अगदी स्वच्छ दिसतो, गर्दी नाही, त्यामुळे नाकाला शिकायला सोपा. आणि मिळतो पण सगळीकडे, मोठ्या मॉलमध्ये टेस्टर असतोच. नंतर 2009 ला त्याचा पार्फम (जास्त दाट प्रकार) आला आणि 2018 ला क्रिस्तीन नाजेल यांनी ओ इंटेन्स वेतिव्हेर केला, ते दोन्ही वेगळे वागतात, त्यामुळे टेस्टरवरचं नाव नीट वाचून मगच मारा.

आधी घरच्या घरी एक प्रयोग करा, परफ्युम विकत घ्यायच्या आधी. तीन कोरे कागदाचे तुकडे घ्या. एकावर संत्र्याची ताजी साल दुमडून पिळा म्हणजे तेलाचे बारीक शिंतोडे उडतील. दुसऱ्यावर मिरी जाडसर कुटून चोळा. तिसऱ्यात वाळ्याच्या दोन-चार मुळ्या किंचित ओल्या करून गुंडाळा, उन्हाळ्यात माठात टाकायला आणतो तोच वाळा. तिन्ही एकमेकांपासून लांब ठेवा आणि अधूनमधून हुंगा. संत्रं बघता बघता उतरतं, मिरी त्याच्यापेक्षा टिकते पण तिचा वास बदलत जातो, आणि वाळा दुसऱ्या दिवशी पण तिथेच असतो. झालं, अर्धा परफ्युम तुम्हाला इथेच कळला.

कारण सांगतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनिन असतं, तो छोटा रेणू आहे, दहा कार्बनचा, पटकन हवेत उडतो. तो धरून ठेवायला अंगावर काही नसतं. मिरीची गंमत वेगळी आहे आणि मला वाटतं या सगळ्या प्रकारातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. मिरीच्या तेलात पण लिमोनिन, पायनिन असे उडणारे पदार्थ असतातच, म्हणजे सुरुवातीला मिरी संत्र्याच्या बरोबरीने चालते, ताजी, जरा लिंबाळलेली वाटते. पण त्याच तेलात कॅरिओफायलिन नावाचा पंधरा कार्बनचा जड पदार्थ पण असतो, लाकडी वासाचा, तो मागे राहतो. म्हणजे एकच मिरी पुढे फळाचा हात धरून असते आणि मागे लाकडाचा. म्हणूनच एवढे परफ्युमर सिट्रस आणि लाकूड जोडायला मिरीच वापरतात, मधला सांधा दिसत नाही. आणि हो, मिरीचा तिखटपणा ज्या पाइपरिनमुळे असतो ते उडणारं नसतं, ते वाफेने काढलेल्या तेलात येत नाही, म्हणून मिरीचा परफ्युम मिरी तिखट लागते तसा कातडीला तिखट लागत नाही, नुसता नाकाला झणका देतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. दिवस असा निवडा की ज्या दिवशी दुसरं काही सुगंधी लावणार नाही. आंघोळ साध्या साबणाने करा, डिओ नको, सुवासिक बॉडी लोशन नको, केसाला वासाचं तेल नको. वाचायला कडक वाटेल पण चंदनाच्या साबणाने आंघोळ केली आणि मग दुपारी "याच्यात चंदन लागतंय" असं म्हटलं तर कशाचं कौतुक चाललंय तेच कळणार नाही. कातडी फार कोरडी असेल तर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिन अगदी पातळ लावा, कोरड्या कातडीवर परफ्युम लवकर उतरतो, थोडा ओलावा आणि तेलकटपणा असला की धरून राहतो. तुमचा परफ्युम मित्राच्या अंगावर वेगळा का लागतो याचं बरंचसं उत्तर इथेच आहे, कातडी किती तेलकट, किती गरम, किती घाम येतो.

लावायची जागा म्हणून मला मनगट फारसं आवडत नाही. सगळे मनगटावरच मारतात पण दिवसभरात हात धुतला जातो, घड्याळाचा पट्टा असतो, टेबलावर घासतं, मग चार तासांनी तिथे काही उरलं नाही तर दोष परफ्युमचा की बेसिनचा? कोपराच्या आतली बाजू सगळ्यात चांगली, झाकलेली, गरम, आणि हुंगायला सोपी. दुसऱ्या हातावर काही लावू नका, तो कोरा राहू दे. एका वेळी एकच परफ्युम. फार तर एक कागदाची पट्टी बरोबर ठेवा, त्याच परफ्युमची, म्हणजे कागदावर आणि अंगावर काय फरक पडतो ते शेजारी-शेजारी कळेल. कागद खोलीच्या तापमानाला असतो, कातडी साधारण बत्तीस ते चौतीस अंशाला, म्हणून अंगावर सगळंच लवकर आणि जोरात होतं.

पंधरा-वीस सेंटिमीटरवरून एक किंवा दोन स्प्रे, बास. आणि घासायचं नाही! घासल्याने रेणू तुटतात वगैरे म्हणतात त्यात अर्थ नाही, पण घासलं की कातडी गरम होते आणि परफ्युम पसरतो, त्यामुळे वरचा सिट्रसचा थर अजूनच झपाट्याने उडतो. आधीच तो थोडा वेळ असतो, तो कशाला घालवायचा. सुकू द्या आपोआप.

पहिलं अर्धा मिनिट नाक जवळ नेऊच नका, तिथे नुसतं अल्कोहोल असतं, त्याने नाक सुन्न होतं आणि मग थोडा वेळ धड काही कळत नाही. मग हुंगा. तेर मध्ये पहिल्यांदा येतं ते संत्रं, पण मिठाईतलं नाही, सालीसकटचं, कडवट, त्याच्या बाजूला ग्रेपफ्रूटचा आंबूस-कडू वास. पहिली पाच-दहा मिनिटं हाच भाग सगळ्यात मोठ्या आवाजात असतो आणि दुकानातली विक्री याच दहा मिनिटांत होते. तुम्ही तेव्हा पाकीट बाहेर काढू नका. एवढंच लिहून ठेवा की वास सोललेल्या फळाचा आहे की सरबताचा, फार गोड तर नाही ना, उग्र तर नाही ना.

मग दहा मिनिटांपासून साधारण पाऊण तासापर्यंतचा जो टप्पा आहे तो सगळ्यात गुंतागुंतीचा, इथे जरा नीट लक्ष द्या. संत्रं मागे सरकायला लागतं आणि मिरी पुढे येते, कोरडी, आणि तिच्यासोबत एक दगडासारखा वास, गारगोट्या एकमेकीवर आपटल्यावर येतो ना तसा. ज्यांना तेर आवडत नाही त्यांचं भांडण बहुतेक इथेच होतं, काहींना तो घामट वाटतो, आणि हे कातडीप्रमाणे बदलतं म्हणून वादात अर्थ नाही. ग्रेपफ्रूट मात्र संत्र्यासारखं एकदम जात नाही. त्याच्या वासात नूटकेटोन असतं, ते पण पंधरा कार्बनचं, जड, म्हणून संत्रं गेल्यावर पण तो कडसर भाव बराच वेळ रेंगाळतो. तुम्हाला जर असा सिट्रस हवा असेल जो जरा तरी टिकेल तर लिंबू आणि संत्र्यापेक्षा ग्रेपफ्रूटवाले बघा.

या टप्प्यात दर दोन मिनिटाला नाक लावायचा मोह होतो, तो आवरा. नाक थकतं. एकच वास सतत घेतला की मेंदू तो बाजूला टाकतो. दुकानात कॉफीचे दाणे पुढे करतात त्याने साध्या हवेपेक्षा वेगळं काही होत नाही, त्यापेक्षा दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं उभे राहा किंवा स्वतःचाच दुसरा, कोरा ठेवलेला हात हुंगा. दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास, सहा तास, आणि रात्री झोपताना, एवढ्या वेळा पुरे. मोबाईलवर अलार्म लावा आणि प्रत्येक वेळी नोट्समध्ये एक ओळ टाका, साध्या शब्दांत, "कडू साल", "कोरडी मिरी", "ओली माती" असं. परफ्युमच्या साइटवर कुठले कुठले वास आहेत याची यादी असते ती त्या दिवशी उघडू नका, एकदा वाचलं की जिरॅनियम आहे की मग जिकडेतिकडे जिरॅनियमच लागतं.

एक तास ते तीन तास. आता फळ नाव सांगण्यापुरतं. हिरवट जिरॅनियमचं पान, मिरीचा मागचा लाकडी भाग, सिडार, असं सगळं कातडीजवळ येऊन बसतं. इथे एक गोष्ट अनेकांची फसगत करते. तेर मध्ये आयसो ई सुपर नावाचा कृत्रिम पदार्थ भरपूर आहे, 1970 च्या दशकात आयएफएफ या सुगंधी पदार्थ बनवणाऱ्या कंपनीने आणलेला, मऊ, सिडारसारखा, मखमली. याची खोड अशी की लावणाऱ्यालाच तो मध्येमध्ये लागेनासा होतो आणि शेजारच्याला व्यवस्थित येत असतो. तुम्हाला वाटतं गेला, आणि तुम्ही अजून चार स्प्रे मारता, आणि मग लिफ्टमधले बाकीचे लोक श्वास धरून उभे. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या तासाला घरातल्या कुणाला तरी विचारा, आईला, बायकोला, नवऱ्याला, "हाताएवढ्या अंतरावरून वास येतोय का?" स्वतःच्या नाकावर या बाबतीत भरवसा ठेवू नका.

आणि मग चौथा तास. माझ्या मते याच्यासाठीच हा परफ्युम घ्यायचा. वाळा वर येतो, कोरडा, मातीचा, किंचित धुरकट, त्याच्या खाली लोबानाची मंद गोडी, व्हॅनिलाच्या जवळ जाणारी पण केकसारखी नाही. "उबदार" म्हणतात तो भाव इथे येतो. आपल्या लोकांना हा भाग ओळखीचा वाटतो कारण वाळ्याचं सरबत, वाळ्याचे पडदे, लोबानाची धुरी हे नाकात लहानपणापासून बसलेलं असतं. परफ्युमचा वाळा बराचसा हैतीमधून येतो, तो आपल्या कनौजच्या रूह-खस अत्तरापेक्षा स्वच्छ आणि हलका लागतो, रूह-खस एकदम गर्द, हिरवागार, विहिरीच्या ओल्या भिंतीजवळ नेणारा. शक्य झालं तर दोन्ही एकदा तरी एका दिवशी कागदावर घेऊन बघा, फार शिकायला मिळतं.

चौथ्या तासाला जे अंगावर आहे ते तुम्हाला दिवसभर सोबत हवंय का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. हो असेल तर घ्या. संत्र्यासाठीच घ्यायचं असेल तर सरळ कोलोन, म्हणजे हलकं सिट्रस परफ्युम, घ्या, स्वस्त पडेल. 4711 या ब्रँडसारखं कोलोन कमी पैशात मिळतं आणि त्यात संत्रं, लिंबू आणि बर्गामोट (हे पण लिंबाच्या जातीचं फळ) यांचा मनसोक्त आनंद आहे, अर्धा-पाऊण तासाचा का होईना. कोलोनचा हा प्रकार मुळात जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना यांच्या घराण्याने 1709 पासून चालवलेला, तेव्हा सुद्धा तो वारंवार लावायचीच वस्तू होती, टिकण्याची अपेक्षाच नव्हती.

इथे एक युक्ती. संध्याकाळी बाहेर जायचंय आणि परत ताजेपणा हवाय तर पुन्हा तेच परफ्युम मारलं की खालचा वाळा आणि लाकूड आधीच बसलेलं असतं, त्यावर अजून एक थर चढतो आणि सगळं जड होतं. त्यापेक्षा साधं सिट्रस कोलोन हलकं वरून लावा. खालचा भाग आहेच, वरचं फक्त संत्रं-बर्गामोट नवं. मला ही पद्धत दुसऱ्या स्प्रेपेक्षा कितीतरी चांगली वाटते.

हवामानाचं बघा, कारण परदेशातले रिव्ह्यू वाचून इथे घेतलं की गोंधळ होतो. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात घाम आणि दमट हवा, तिथे सिट्रस भसकन येतो आणि जातो, मसाला अंगावर येतो, दोन स्प्रे पुरतात, एक कपड्याआड आणि एक मानेच्या मागे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात कातडी कोरडी पडते म्हणून आधी मॉइश्चरायझर हवंच. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना परफ्युम दबल्यासारखा वाटतो आणि बाहेर पडलं की एकदम उठतो, हे लक्षात ठेवून सकाळी मोजकंच मारा. पुणे-नाशिकची डिसेंबरची सकाळ मात्र या जातीच्या परफ्युमसाठी अगदी योग्य, संत्रं जरा जास्त थांबतं आणि खालचा लोबान कळतो. न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या थंडीत राहणाऱ्या मंडळींनी स्वेटरच्या आत छातीवर लावावा, बाहेर उघड्या मनगटावर तो गोठल्यासारखा गप्प बसतो.

कपड्यावर मारला की जास्त टिकतो हे खरं, शर्टाच्या कॉलरवर दुसऱ्या दिवशी सुद्धा वाळा येतो. पण तपासणी कपड्यावर करू नका, तिथे अंगाची ऊब नाही. आणि पांढऱ्या कपड्यावर, रेशमावर, पैठणीवर अजिबात नाही, डाग पडतो आणि जात नाही.

कातडीची काळजी पण घ्यायची. बर्गामोटच्या कच्च्या, सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन असतं, ते अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि काळे डाग राहतात. कंपन्यांच्या परफ्युममध्ये याच्यावर मर्यादा असते आणि ते काढून टाकलेलं तेल वापरतात, त्यामुळे नेहमीच्या वापराला भीती नाही, पण ऑनलाइन बर्गामोट किंवा लाइमचं तेल मागवून घरी खोबरेल तेलात मिसळून अंगाला लावणारे लोक मी बघितलेत, कृपया असं करून उन्हात जाऊ नका. मसाल्यांमध्ये दालचिनी आणि लवंग ज्यात जास्त आहे असे परफ्युम नाजूक कातडीला त्रास देऊ शकतात, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल दोन्ही ॲलर्जीच्या यादीत आहेत. खोक्यावर मागे बारीक अक्षरात लिमोनिन, लिनालूल, युजेनॉल असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. आधी एक थेंब, एक दिवस थांबून बघायचं. खाज आली किंवा लाल झालं तर तो परफ्युम कितीही आवडता असो, बंद.

तेर जमला नाही तर याच जातीचे दुसरे पण आहेत. कार्तिएचा डेक्लरेशन, 1998 चा, तो पण एलेना यांचाच, त्यात मिरीच्या जागी वेलची पुढे आहे आणि मागे जिऱ्याची घामट छटा. वेलची संत्र्याच्या शेजारी फार गोड दिसते कारण तिच्यात निलगिरीसारखा गार भाग पण असतो आणि फुलासारखा मऊ पण. जिऱ्याची मात्र आपल्या नाकांना पटकन फोडणीच आठवते, त्यामुळे हा तर अंगावर लावल्याशिवाय घेऊच नका. गोडीकडे आणि दालचिनीकडे झुकणारं हवं असेल तर व्हिक्टर अँड रॉल्फचा स्पाइसबॉम्ब, 2012 चा, त्यात ग्रेपफ्रूट, बर्गामोट थोडावेळ आणि मग दालचिनी, तंबाखू, लेदर. तो थंडीत छान, एप्रिलमध्ये लोकलच्या गर्दीत नको.

सॅम्पलचं म्हणाल तर दुकानात एकदा लावून घरी जाणं हा फुकटातला उत्तम मार्ग, सेल्समनला सरळ सांगायचं की उद्या कळवतो, लाज वाटायचं काही कारण नाही. नाहीतर पाच किंवा दहा मिलीचं डिकांट (मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून दिलेलं) घ्या, ओळखीच्या विक्रेत्याकडून, आणि निदान एकदा सुट्टीच्या दिवशी आणि एकदा कामाच्या दिवशी वापरून बघा, कारण घरी पंख्याखाली बसून जो परफ्युम आवडला तो स्टेशनचे जिने चढताना पण आवडेलच असं नाही.

बाटली घेतलीत की ती बाथरूममध्ये ठेवू नका. गिझरची वाफ, उष्णता आणि उजेड याने सगळ्यात आधी सिट्रसच बिघडतं, लिमोनिन हवेशी संयोग पावून त्याचा वास टर्पेंटाइनसारखा, आंबट-वार्निशसारखा होतो, आणि असं जुनं झालेलं लिमोनिन कातडीला ॲलर्जी पण जास्त करतं. मूळ खोक्यात, कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. अर्धी संपलेली बाटली वर्षानुवर्षं पुरवत बसण्यापेक्षा वापरून टाका, बाटलीत हवा जितकी जास्त तितकं संत्रं लवकर बिघडतं. आणि कधी पहिल्या स्प्रेलाच संत्र्याऐवजी रंगाच्या डब्यासारखा वास आला पण दहा मिनिटांनी बाकीचं सगळं नीट लागलं, तर समजा की वरचा भाग गेलाय आणि खालचा अजून शाबूत आहे, ती बाटली अंगावर न मारता जाकिटाच्या आतल्या अस्तरावर वापरता येईल.